भिजल्या दिवसात फेरो रॉडने आग कशी पेटवायची

फेरो रॉड म्हणजे पट्टीने खरवडली की ठिणग्या देणारी धातूची कांडी. ती पहिल्यांदा हातात आली की बहुतेक जण एकच करतात. रॉड खसाखस घासतात, ठिणग्यांचा सडा पडतो, बघणारे खूश होतात. मग तोच सडा पाचोळ्याच्या ढिगावर पाडत दहा मिनिटं जातात. पाचोळा इथे-तिथे काळा पडतो, एखादी धुराची रेघ वर येते, पण जाळ काही धरत नाही. शेवटी रॉडला दोष देऊन तो पिशवीच्या तळाशी जातो.

रॉडचा यात काही दोष नसतो. काडी ओढली की हातात ज्वाळा येते आणि ती काही सेकंद टिकते. रॉड ज्वाळा देत नाही, ठिणगी देतो, आणि ठिणगीचं आयुष्य पापणी लवेपर्यंतचं. तेवढ्यात तिला झेलून तिची ज्वाळा करणारं काहीतरी बरोबर खाली असावं लागतं. कोरड्या दिवशी ते कसंबसं जमून जातं. पाऊस, वारा, कडाक्याची थंडी असली की आग पेटणार की नाही हे रॉडला हात लावण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून या लेखात घासण्याबद्दल थोडं आणि तयारीबद्दल बरंच लिहिलं आहे.

रॉडमध्ये असतं काय

जुनी चकमक आठवा. गारगोटी कठीण, ती पोलादाचा बारीक कण खरवडून काढते आणि तो पोलादाचा कण जळतो. फेरो रॉडचं काम उलटं चालतं. इथे रॉड मऊ आणि खरवडणारी पट्टी कठीण. पट्टीने रॉडचा कीस निघतो आणि तो कीस हवेतच पेटतो. या धातूचं नाव फेरोसेरियम. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. गॅसबत्तीत लावतात ती मेंटलची जाळीही त्यांचीच देणगी. लायटरमध्ये चाकाखाली जो इवलासा खडा असतो तो याच धातूचा. म्हणजे ही वस्तू तुम्ही आधी वापरलेली असण्याची शक्यता आहे, फक्त एवढी मोठी नाही.

त्यात सिरियम, लॅन्थॅनम असे धातू असतात, लोखंड असतं आणि थोडं मॅग्नेशियम. सिरियमचा बारीक कण नुसत्या घासण्याच्या उष्णतेने पेट घेतो. नुसता तो धातू फार मऊ पडतो, म्हणून लोखंड घालून त्याला कडकपणा आणतात. उडणाऱ्या ठिणगीचं तापमान ३००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं, चकमकीच्या ठिणगीपेक्षा कितीतरी जास्त. पण कण इतका लहान की त्याच्याजवळ उष्णतेचा साठा जवळजवळ नसतो. हातावर पडला तर चटका बसतो आणि संपतो. जाड काटकीवर पडला तर तिला काही कळतही नाही. ठिणगी झेलायला केसासारखं बारीक, कोरडं आणि मोकळं काहीतरी का लागतं, ते यावरून लक्षात येईल.

एवढा खटाटोप कशासाठी

लायटर आणि काडेपेटी जवळ ठेवाच. त्या चालत असतील तर आधी त्याच वापरा, रॉडचा अभिमान बाळगायचं कारण नाही. पण खराब हवेत दोन्ही रुसतात. काडी ओली झाली की गुल मऊ होऊन गळतो. काडी कोरडी असून पेटीच्या कडेची पट्टी दमट झाली तरी हाल तेच. लायटरमधला ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो. थंडी त्याच्या खाली गेली की तो वायू होऊन बाहेर येतच नाही, नुसता खडखडाट होतो. अशा वेळी लायटर काखेत किंवा आतल्या खिशात धरून गरम केला तर चालतो, ही युक्ती लक्षात ठेवा.

रॉडला यातलं काही बाधत नाही. तो ओढ्यात पडला, बर्फात रुतला, तरी कापडाने पुसला की ठिणगी देतो. त्यात संपणारा गॅस नाही की मोडणारं चाक नाही. चांगला जाड रॉड हजारो वेळा घासता येतो.

विकत घेताना

अंगठीएवढे शोभेचे रॉड मिळतात, ते नवशिक्याने घेऊ नयेत. निदान ८ ते १० मिलिमीटर जाड आणि ८-१० सेंटिमीटर लांब रॉड घ्या. पातळ रॉड जोर लावल्यावर मोडतो, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांत धरताही येत नाही. मूठ मोठी हवी, तिला दोरी असावी आणि दोरीचा रंग भडक असावा. चिखलात आणि पाचोळ्यात काळा रॉड हरवायला क्षणही लागत नाही.

नव्या रॉडवर काळा लेप असतो. तो गंज धरू नये म्हणून दिलेला असतो आणि त्यातून ठिणगी पडत नाही. एका बाजूने लेप पूर्ण खरवडून चकचकीत धातू दिसू द्या. कित्येकांची पहिली निराशा याच लेपामुळे होते.

पट्टीची कड काटकोनी आणि टोकदार हवी. नखावर अलगद ओढून बघा: नखाचा पांढरा भुगा निघाला तर पट्टी कामाची, नुसती घसरली तर नाही. सुरीची पाठही चालते, पण ती गोल घासलेली नसावी. सुरीच्या धारेने मात्र रॉड खरवडू नका. धार जाते, आणि जोरात ओढलेली उघडी धार शेजारच्या बोटावर यायला वेळ लागत नाही.

आधी सरपण, मग ठिणगी

एकदा दिवसभराच्या पावसानंतर मी कापसाचा बोळा मोठ्या हौसेने पेटवला. पहिल्याच झटक्यात पेटला. माझ्याजवळ मूठभर काड्या होत्या, त्या लावल्या, त्याही धरल्या. मग पुढचं लाकूड आणायला उठलो, आणि चार ढांगांवरून परत येईपर्यंत खाली नुसता धूर उरला होता. बोळे दोनच आणले होते. दुसरा पेटवण्याआधी मी पाऊण तास फक्त लाकूड गोळा केलं आणि फोडलं, आणि त्या रात्री ऊब मिळाली ती त्या पाऊण तासामुळे. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: सगळं सरपण हाताच्या अंतरावर रचल्याशिवाय रॉड खिशातून काढायचा नाही.

लाकूड कुठून आणायचं? जमिनीवर पडलेलं सोडा, ते खालून ओल पीत असतं. उभं वाळलेलं झाड, झाडातच अडकून राहिलेली मेलेली फांदी, मोठ्या झाडाच्या खोडालगतच्या खालच्या सुक्या काटक्या, झुकलेल्या खडकाच्या पोटातला काडीकचरा: पावसातही कोरडं मिळतं ते इथेच. काटकी वाकवून बघा. कट्ट आवाज करून तुटली तर घ्या. वाकली, चिंबली, सालीसकट लोंबली तर टाकून द्या. वरून ओली दिसणारी काटकीसुद्धा पुष्कळदा आतून कोरडी असते, त्यामुळे तोडून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

जाड लाकडाची पारख वेगळी. ते फोडा आणि फोडलेली बाजू वरच्या ओठाला किंवा गालाला लावा. गार, ओलसर लागली तर आत पाणी आहे. बोटांना न कळणारी ओल ओठाला कळते. थंडीत बोटं आधीच बधिर असतात, तेव्हा ही पारख फार कामाला येते.

ओलीबद्दल इतकं का सांगतो आहे? लाकूड पेटायला साधारण २५० ते ३०० अंशांच्या घरात तापमान जावं लागतं. पण त्यात पाणी आहे तोवर सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि लाकूड १०० अंशांच्या आसपासच रेंगाळतं. कापसाच्या बोळ्याकडे दोन-चार मिनिटांची उष्णता आहे. ती पाणी उडवण्यात संपली तर जाळायला काही उरत नाही.

किती गोळा करायचं याचं माझं माप असं. काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक काटक्या दोन्ही हातांनी वेढता येईल एवढ्या, तेवढ्याच पेन्सिलीएवढ्या जाड, त्याहून मोठी मोळी अंगठ्याएवढ्या जाड काड्यांची, आणि मनगटाएवढी लाकडं जितकी मिळतील तितकी. पावसात हे माप दुप्पट करा. नवशिके जाड लाकूड भरपूर आणतात आणि बारीक काड्यांत हात आखडता घेतात. आग अडते ती नेहमी बारीक काड्यांपाशीच.

काहीच कोरडं मिळत नसेल तर मनगटाएवढं उभं सुकलेलं लाकूड घ्या आणि त्याचे चार-सहा उभे फाळे करा. सालीची, बाहेरची बाजू बाजूला ठेवा. गाभ्याच्या फाळ्यांना सुरीने पातळ झिलप्या काढा, पण त्या तोडू नका, काडीलाच चिकटून राहू द्या. काडीच्या टोकाला झिलप्यांचा कुरळा झुबका तयार होतो. याला फेदर स्टिक म्हणतात. सुरी जवळजवळ आडवी धरून, जोर न लावता, लांब ओढीने चालवली की झिलपी कागदासारखी पातळ निघते. सुरी नेहमी अंगापासून दूर, आणि काडीचं टोक लाकडाच्या ओंडक्यावर टेकवून. मांडीवर कधीच नाही. सरावलेला माणूस फेदर स्टिक थेट ठिणगीने पेटवतो. नवशिक्याने तिला दुसरी पायरी समजावं: बोळा पेटला की त्यावर धरायला याहून चांगलं काही नाही. अशा पाच-सहा करून ठेवा.

ठिणगी झेलणारा माल

इंग्रजीतून आलेला टिंडर हा शब्द आता सगळेच वापरतात. रानात मिळेल तो टिंडर वापरायचा ही कल्पना सुंदर आहे, पण ओल्या दिवशी नवशिक्याने तिच्या भरवशावर राहू नये. टिंडर घरून कोरडा करून न्यावा.

सगळ्यात भरवशाचा म्हणजे पेट्रोलियम जेली लावलेला कापूस. नुसता कापूस ठिणगी झटकन धरतो, पण काही सेकंदांत भुर्रकन जळून जातो, आणि दमट हवेत ओलही ओढतो. जेलीने दोन्ही अडचणी सुटतात. जेली हेच इंधन होतं, कापूस वातीचं काम करतो, आणि पाणी आत शिरत नाही. बोराएवढ्या बोळ्याला हरभऱ्याएवढी जेली पुरते. ती बाहेरून चोळून थोडी आत मुरवा. बोळा लिबलिबीत करू नका. जेलीत बुडालेल्या तंतूवर ठिणगी पडते आणि विझते. असे दहा-बारा बोळे घट्ट झाकणाच्या लहान डबीत भरून ठेवा.

आता नीट बघा, कारण बहुतेकांचं अडतं ते इथे. डबीतून काढलेला बोळा गच्च दाबलेला असतो. तो तसाच ठेवून वर ठिणग्या पाडल्या तर त्या वरूनच घरंगळतात. बोळा दोन्ही हातांनी हलकेच ओढून फाडा, तुटू देऊ नका. मधोमध कोरडे पांढरे तंतू दिसायला लागतील, कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ. ती विरळ, केसाळ बाजू वर करा. ठिणगी तिथेच पडायला हवी. नेम बरोबर बसला की आधी दोन-तीन तंतूंच्या टोकांना पिवळा ठिपका दिसतो, तो तंतूतंतूने पळतो, मग जेली चरचरते आणि ज्वाळा बोटभर उंच होऊन स्थिर होते. हे एकदा जवळून पाहिलं की बोळा कसा पिंजायचा ते परत कुणी सांगावं लागत नाही.

कापूस नसेल तर सुतळी किंवा काथ्या. सुतळीचे वळ पूर्ण उलगडा, तळहातांत चोळून तिचा केसाळ झुबका करा आणि चिमणीच्या घरट्यासारखा गोळा बनवा: बाहेर जाडसर, आत बारीक, मधे खळगा. पीळ ठेवलेली सुतळी ठिणगी घेत नाही.

रानातल्या वस्तूंपैकी दोन ओल्यातही साथ देतात. पाइनसारख्या झाडांच्या मेलेल्या बुंध्यात राळ साचून लाकूड पिवळट-तांबूस आणि जड होतं. नाकाशी धरलं की राळेचा उग्र वास येतो. सुरीच्या पाठीने त्याचा बारीक कीस काढला, खोबऱ्याच्या किसाहूनही बारीक, तर तो ठिणगी धरतो आणि काळा धूर सोडत जळतो. दुसरी वस्तू भूर्जाची साल. जुन्या पोथ्या ज्यावर लिहिल्या गेल्या तीच ही. तिच्यात तेलकट अंश असल्याने ती पुसून लगेच पेटवता येते, पण ठिणगीने पेटवायची तर आधी तिचाही भुगा खरवडून ढीग करावा लागतो. साल पडलेल्या खोडाचीच घ्या. जिवंत झाड सोललं तर ते वाळून जाऊ शकतं.

पाचोळा, शेवाळ आणि कुजलेल्या लाकडाचा भुसा यांच्या नादी ओल्या दिवशी लागू नका. फार तर धुमसतील. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ठिणगी घेत नाहीत, पण पेटत्या बोळ्यावर ठेवल्या तर भर पावसात बराच वेळ जळतात. त्यांचा धूर विषारी असतो, म्हणून अगदी अडल्या वेळीच, वाऱ्याकडे पाठ करून.

जागा

ओल्या जमिनीवर किंवा बर्फावर थेट आग पेटवली तर खालून पाणी होऊन ती विझते. मनगटाएवढी लाकडं शेजारी-शेजारी अंथरून ताटाएवढा ओटा करा आणि त्यावर आग रचा. बर्फावर हा ओटा दुहेरी असावा. बर्फाने लदलेल्या फांदीखाली बसू नका. खालची ऊब वर गेली की सगळा बर्फ एकदम आगीवर कोसळतो. ओढ्यातले भिजलेले दगडही आगीभोवती लावू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतात आणि चिपा डोळ्यात जाऊ शकतात.

तंबूच्या आत, बंद निवाऱ्यात आग कधीही पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेत माणूस जातो आणि शेजाऱ्याला कळत नाही.

आता रॉड काढा

बोट थरथरत असेल तर आधी हात काखेत घालून एक-दोन मिनिटं गरम करा. हा वेळ वाया जात नाही. बधिर हाताने केलेले वीस प्रयत्न गरम हाताच्या दोन प्रयत्नांएवढेही नसतात. कृत्रिम धाग्याचे हातमोजे काढून ठेवा, ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतात. रॉड आणि पट्टी कोरड्या कापडाने पुसा.

वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसा, बोळा दोन गुडघ्यांच्या मधे, ओट्यावर. पिशवी वाऱ्याच्या बाजूला उभी करा. बोळ्याखाली एक सपाट ढलपी किंवा सालीचा तुकडा ठेवा, म्हणजे पेटल्यावर तो उचलून हलवता येतो.

रॉडचं टोक बोळ्याच्या मधोमध, अगदी टेकवून ठेवा. पट्टी रॉडच्या वरच्या अंगाला, मुठीजवळ, साधारण ४५ अंशांत तिरकी लावा. पट्टीचा हात आता हलवायचा नाही. तो गुडघ्याशी किंवा ओट्याशी टेकवून स्थिर करा, जोर द्या, आणि रॉडचा हात सरळ मागे, आपल्याकडे खेचा. पट्टी जागेवरच राहते, रॉड तिच्याखालून सरकतो, आणि ठिणग्या पट्टीच्या पुढे बोळ्यावरच पडतात. बहुतेक नवशिके रॉड स्थिर ठेवून पट्टी पुढे मारतात. झटक्याच्या शेवटी हात बोळ्यावर आदळतो आणि एवढी काळजीपूर्वक मांडलेली मांडणी उधळते. रॉड मागे ओढायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

वेगापेक्षा दाब महत्त्वाचा. भराभर हलकं घासलं की पिवळ्या, चटकन विझणाऱ्या बारीक ठिणग्या उडतात. दाबून, सावकाश, रॉडची पूर्ण लांबी वापरून ओढलं की जाड, पांढऱ्या ठिणग्या गळून खाली पडतात आणि पडल्यावरही क्षणभर जळत राहतात. आपल्याला या हव्यात. हाताला खरखर जाणवली पाहिजे. पट्टी गुळगुळीत घसरत असेल तर कोन बदला किंवा पट्टीची दुसरी कड लावा.

टिंडर थोडा दमट असेल तर अजून एक उपाय आहे. रॉड इतका हळू खरवडा की ठिणगी न पडता नुसता राखाडी भुगा निघेल. तो भुगा टिंडरच्या मधे चण्याएवढा साठू द्या. मग एक दाबून झटका. ठिणगीने तो भुगा एकदम पांढरा प्रखर पेटतो आणि एका ठिणगीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता एकाच जागी मिळते. वाऱ्यात हा भुगा उडून जातो, म्हणून तो जेलीच्या बोळ्यावरच पाडा, चिकटून राहतो. मॅग्नेशियमची कांडी जोडलेले रॉड मिळतात, त्यांच्या किसालाही हीच युक्ती लागते. चेहरा बाजूला ठेवा, चष्मा असेल तर घाला.

पाच-सहा चांगल्या झटक्यांत पेटलं नाही तर घासत बसू नका. थांबा, बोळा पुन्हा पिंजा, नवे कोरडे तंतू वर आणा. अडचण जवळजवळ नेहमी खाली असते, रॉडमध्ये नसते.

ज्वाळा दिसल्यावर

इथे घाई होते. आनंदाच्या भरात माणूस वर मूठभर काड्या टाकतो आणि ज्वाळा गुदमरते. आधी फेदर स्टिक, झिलप्या खाली करून, ज्वाळेवर तिरक्या टेकवा. त्यांनी पेट घेतला की काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, एका वेळी चार-पाच, मधे बोट जाईल एवढी फट ठेवून. त्या तडतडू लागल्या की पेन्सिलीएवढ्या. एका जाडीची लाकडं स्वतःच्या बळावर जळू लागल्याशिवाय पुढच्या जाडीला हात लावायचा नाही.

धूर पांढरा आणि दाट येत असेल तर लाकडातलं पाणी बाहेर पडतंय. नवं लाकूड घालू नका, जवळून, खालून, लांब आणि हलकी फुंकर घाला. राख उडेल इतक्या जोरात फुंकू नका. ओली लाकडं आगीच्या भोवती उभी टेकवून ठेवा, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत ती सुकतात. भर पावसात सगळ्यात वर दोन जाड लाकडं आडवी ठेवली की ती छपराचं काम करतात आणि खालचा जाळ वाचतो. वर ताडपत्री बांधायची असेल तर ती पुरुषभर उंचीहून वर आणि एका बाजूला कललेली हवी. ठिणग्यांनी तिला भोकं पडतात.

वारा मात्र दुधारी आहे. ठिणगीच्या वेळी तो शत्रू, जाळ धरल्यावर मदतनीस, आणि फार वाढला तर रानाला धोका. जोराचा वारा असेल तर वीतभर खोल खड्डा करून त्यात आग पेटवा. आणि वारा जोराचा असून भोवती सुकं गवत असेल तर आग पेटवूच नका. गरम कपडे, झोपायची पिशवी, एकमेकांची ऊब यांवर रात्र काढा. आग पेटवायला मनाई असलेल्या जागीही हेच. जीव धोक्यात असणं ही वेगळी गोष्ट.

सराव

पहिल्या दिवशी कोरड्या हवेत, कोरड्या कापसावर. तो सलग दहा वेळा पेटला की सुतळीवर. मग हात गार पाण्यात मिनिटभर बुडवून, ओल्या हाताने. मग उलट्या हाताने, कारण एक हात दुखावलेला असू शकतो. शेवटी पावसात, पण मागे कोरडा निवारा असताना. थंडीने कुडकुडत, अंधारात, पहिल्यांदाच रॉड हातात धरायची वेळ कुणावरही येऊ नये असं मला मनापासून वाटतं. थंडीने गारठलेल्या माणसाची बोटं आधी जातात, मग विचार गोंधळतात. तेव्हा हाताला आठवत असेल तेवढंच जमतं.

विझवणं आणि निगा

निघण्याच्या अर्धा तास आधी लाकूड घालणं थांबवा. पाणी ओता, काडीने राख ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन बघा. धग जाणवत नसेल तर बोट घालून बघा. गरम लागली तर परत पाणी. पावसात विझवायची गरज काय, असं वाटेल. पण मुळांच्या आणि कुजक्या पाल्याच्या थरात विस्तव आतल्या आत दिवसचे दिवस धुमसू शकतो.

घरी आल्यावर रॉड पुसून वाळवा. दमटपणाने, विशेषतः खाऱ्या हवेने, त्यावर पांढरट-राखाडी भुकटी धरते आणि रॉड हळूहळू ठिसूळ होतो. खरवडलेल्या भागावर तेलाचं बोट फिरवा किंवा नखांना लावतात त्या पॉलिशचा पातळ हात द्या. पुढच्या वेळी एका झटक्यात तो निघून जातो. त्याच बैठकीत बोळ्यांची डबीही उघडा, वापरले तेवढे नवे बोळे भरा आणि डबी रॉडच्याच दोरीला बांधून ठेवा.